हन्नाबाई एकदाच चुकल्या

बहात्तर सालच्या सप्टेंबरात म्युनिकला आपण पाकिस्तानकडून हरलो, तेव्हा भिंगारमध्ये निदान साठ माणसं अशी होती की संघ निवडायचं काम त्यांच्याकडे असतं तर सुवर्णपदक घरी आलं असतं. त्यातली पाचसहा गोरक्षनाथच्या सायकलच्या दुकानात रेडिओपुढे बसली होती. पंक्चरच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघता बघता गोरक्षनाथ सेंटर हाफ बदलत होता. शांतवन टेलर लेफ्ट-इनला पुढच्या विमानानं परत पाठवत होता. मी तालुका कचेरीत नुकताच चिकटलेला कारकून. मला अख्खी फॉरवर्ड लाइनच नको होती.

दारात हन्नाबाई पाटोळे उभ्या होत्या. दवाखान्यातली ड्यूटी संपवून घरी जाता जाता थांबलेल्या, काखेत छत्री. सगळ्यांचं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "यातल्या एकाचे तरी पाय बघितलेत का तुम्ही?"

"बाई, रेडिओवर पाय कसे दिसतील?" गोरक्षनाथ म्हणाला.

"मग गप बसा. पाय न बघता खेळाडू निवडायचा तर टपालानं मागवा."

आणि त्या गेल्या. छत्री उघडायचा प्रश्न नव्हता. त्या वर्षी पावसानं तोंड दाखवलं नव्हतं, आणि तसंही ती छत्री पावसासाठी नव्हतीच. हॉकीच्या मैदानावर फुलबॅकनं कुठं उभं राहायला हवं होतं ते दाखवायला ती होती.

हन्नाबाई ड्रेसिंगच्या खोलीत होत्या. जखम धुणं, पट्टी बांधणं, मुरगळलेलं चोळणं, हे काम त्या बावीस वर्षं करत होत्या. त्यामुळे माणसाचं तोंड त्यांच्या नीट लक्षात राहत नसे, पाय राहत. रस्त्यात कुणी "सलाम बाई" म्हटलं की त्या आधी खाली बघत आणि मग ओळखत. "तू म्हणजे उजव्या घोट्यावर चार टाके. एकोणसत्तर साल. जाळीच्या कुंपणावरून उडी मारली होतीस. कोंबड्या कुणाच्या होत्या ते मी विचारलं नव्हतं." तो गृहस्थ आता दोन मुलांचा बाप असे आणि बायको शेजारीच उभी असे. पण कोंबड्या कुणाच्या होत्या हे हन्नाबाईंनी खरंच कधी कुणाला सांगितलं नाही. त्या खोलीत पहिल्या दिवशी जुन्या मेट्रननं त्यांना एकच शिकवलं होतं: पट्टीखाली काय बघितलं ते दाराबाहेर न्यायचं नाही. गावातल्या एका थोर पंचाला कुणाच्या परसात आणि किती वाजता कुत्रं चावलं हे बाईंना ठाऊक होतं, आणि पंचालाही ठाऊक होतं की बाईंना ठाऊक आहे. तो त्यांना सगळ्यांच्या आधी सलाम करी.

त्यांचे यजमान इसहाक पाटोळे सुतारकामाचे मास्तर आणि आमच्या 'भिंगार युनियन' हॉकी क्लबचे सेक्रेटरी. म्हणजे संघ निवडणारा आणि ती निवड कशी चुकली ते सांगणारी, दोघं एकाच चुलीवरचं जेवत. घरी त्या त्यांना 'अहो' म्हणत. मैदानावर मात्र 'सेक्रेटरी' म्हणत, आणि तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मैदानाच्या कडेला एक दगडी रूळ पडलेला असे, लोखंडी दांड्याचा. त्यावर पोतं टाकून हन्नाबाई बसत. बाकी आम्ही सगळे भिंतीवर. साठ पुरुष भिंतीवर आणि एक बाई रुळावर, आणि मॅच चालू असताना दोन्ही बाजूंनी निवड समितीचा उद्धार.

आमच्याकडे एक रीत होती. नगर-भिंगारमध्ये मिळून चार क्लब. चौघांत चुरस राहावी म्हणून दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी शाळेच्या हॉलात 'वाटणी' व्हायची. शाळा सोडलेली, हॉकी खेळणारी नवी पोरं ओळीनं उभी राहायची, आणि गेल्या मोसमात जो क्लब तळाला त्यानं पहिलं बोट दाखवायचं. घोडेगावच्या बाजारात बैल बघावा तसे चार सेक्रेटरी त्या ओळीपुढून फिरत. फक्त दात तेवढे बघत नसत. वाटणी संपली की जुन्या खेळाडूंची अदलाबदल. तुमचा एक आम्हाला, आमचा एक तुम्हाला. त्याला 'सदरा फिरवणं' म्हणत, कारण दोघं खेळाडू सगळ्यांसमोर आपापल्या क्लबाचे सदरे काढून एकमेकांच्या अंगात घालत. एकदा सदरा फिरला की दोन वर्षं परत फिरायचा नाही. मग कुणाची कितीही फजिती होवो.

अकरा वर्षं हन्नाबाई या वाटणीवर टीका करत आल्या होत्या. त्या पुष्कळदा बरोबर असत हे खरं, पण त्यांचा खरा लौकिक दुसराच होता. जेव्हा चूक निघत, तेव्हाही त्या 'चुकले' म्हणत नसत. सदुसष्ट साली त्यांनी नावं ठेवलेल्या एका पोरानं एका मोसमात नऊ गोल केले. शांतवन मुद्दाम त्यांच्या घरी गेला आणि दारातून म्हणाला, "काय बाई, आता?"

"गोल झाले. पाय वाईट ते वाईटच," बाई म्हणाल्या, आणि त्याला चहा दिला. त्या चहात साखर नव्हती असं शांतवन अजून सांगतो.

तेव्हापासून आम्हा भिंतीवरच्या मंडळींची एकच इच्छा होती. मरण्यापूर्वी एकदा हन्नाबाईंच्या तोंडून तो शब्द ऐकायचा.

बहात्तरच्या दिवाळीत बातमी फुटली की युनियन आपला फुलबॅक कानिफनाथ तोफखान्याच्या क्लबाला देणार आणि बदल्यात त्यांचा सेंटर फॉरवर्ड बन्सी घेणार. भिंतीवर पेढे वाटायचेच बाकी राहिले. बन्सी म्हणजे गेल्या मोसमात चौदा गोल. सोनईकडचा उंच, काटक पोरगा, चेंडू घेऊन निघाला की बघणाऱ्यानं शेंगा सोलायचं थांबावं. आणि कानिफनाथ? मिलिटरी डेअरीचं दूध घालणारा, अंगानं आडवा, सकाळभर सायकलवर किटल्या वाहून संध्याकाळी मैदानात उभा राहणारा. उभा राहणारा हाच शब्द बरोबर. गोरक्षनाथ म्हणायचा, "कानिफ वळेपर्यंत माझं एक पंक्चर निघतं."

आमचे अध्यक्ष आप्पासाहेब. नागापूरला नवी औद्योगिक वसाहत उभी राहत होती, तिथं त्यांनी लेथ मशीनचं वर्कशॉप टाकलं होतं. त्यांनी बन्सीला शब्द दिला होता: सदरा फिरला की दुसऱ्या दिवसापासून लेथवर.

एवढं सगळं छान जमलेलं असताना हन्नाबाई रुळावरून उठल्या आणि म्हणाल्या, "कानिफला सोडू नका."

"का हो बाई?"

"नका म्हणते ना."

हे नवीन होतं. एरवी 'का' विचारलं की छत्री उघडत, मिटत, घोटे, पोटऱ्या, टाचा असं अर्धा तास पुराण चाले. या वेळी कारणच नाही. त्यामुळे भिंतीनं कारणं पुरवली.

"कानिफ त्यांच्याकडं दुधात पाणी कमी घालतो," शांतवन म्हणाला.

"घालायला पाणी आहे कुठं यंदा!" गोरक्षनाथ म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. तिथंच आम्हाला कळायला हवं होतं.

खरं काय होतं ते मला पुढे बन्सीनंच सांगितलं. दिवाळीच्या आधी आठ दिवस तो लंगडत दवाखान्यात गेला होता. सरावात पाय रोवून गर्रकन वळताना डाव्या गुडघ्यात काहीतरी 'कट' झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी गुडघा वाकवून फिरवून बघितला आणि सांगितलं की आतली गादी दुखावली आहे. सरळ चाल, मांडी भक्कम कर, जड ढकल, पण उन्हाळ्यापर्यंत पाय रोवून वळायचं नाही. वळलास आणि गुडघा अडकला तर कापावं लागेल. मग पट्टी बांधायला त्याला शेजारच्या खोलीत पाठवलं. पट्टी हन्नाबाईंनी बांधली.

तेव्हा आता काय झालं होतं बघा. ज्या क्लबासाठी ही बाई अकरा वर्षं घसा कोरडा करत होती, तो क्लब तिच्या डोळ्यांदेखत दोन धड पाय देऊन दीड पाय घेत होता. थांबवायला एक वाक्य पुरे होतं, आणि तेच वाक्य पट्टीखालचं होतं.

इसहाकमास्तरांनी घरी विचारलं, "तुला काही माहीत आहे का, हन्ना?"

"मला पुष्कळ माहीत आहे. तुम्ही कानिफला सोडू नका."

"आप्पासाहेबांना काय सांगू? बायको म्हणते म्हणून?"

"सांगा. खोटं आहे का ते?"

मास्तरांनी सांगितलं नाही. कुठल्या नवऱ्यानं सांगितलं असतं?

शनिवारी, वाटणीच्या आदल्या दिवशी, बाईंनी ड्यूटी संपवून थेट तोफखाना गाठला. बन्सी एका मेसच्या मागच्या खोलीत राहत होता. बाईंना बघताच तो उठला. उठताना त्यानं भार उजव्या पायावर टाकला हे बाईंनी दारातून टिपलं.

"तूच सांग त्यांना," त्या म्हणाल्या. "मला सांगता येत नाही. तुला येतं."

"बाई, सांगितलं तर मशीन गेलं माजं." बन्सी खाली बघत म्हणाला. "आय सोनईकडं दुष्काळी कामावर खडी फोडती. चांगुणा म्हणून हाक मारली की रांगेतल्या बाया तिला फुडं करत्यात, तिचं वय बघून. मी लेथवर लागलो की तिला हितं आनतो. एवढंच हाय बघा. तुमी सांगा आता, सांगू का?"

बाईंनी त्याच्या उघड्या गुडघ्याकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, "पट्टी कुणी सोडली?"

"मीच. कुनाला दिसू ने म्हनून."

"बस खाली."

त्यांनी पिशवीतून पट्टी काढून पुन्हा बांधली. बांधता बांधता म्हणाल्या, "मी बोलणार नाही. पण तू लेथवर उभा राहणार तो याच पायावर. आणि आमच्या क्लबात खेळणार तोही याच पायावर. तेव्हा आजपासून हा पाय माझ्या ताब्यात. मी सांगेन ते करायचं, का ते विचारायचं नाही. नाही जमलं तर उद्या सकाळी तू स्वतः आप्पासाहेबांकडे जायचंस."

"जमंल."

"आणि लंगडायचं नाही. दुखलं तर थांबायचं, पण लंगडायचं नाही. तिकडे साठ जण भिंतीवर बसलेले असतात."

रविवारी सदरा फिरला. कानिफचा सदरा बन्सीच्या अंगावर दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसत होता. बन्सीचा कानिफच्या डोक्यातून खाली आला आणि खांद्यांवर अडकला. दोघा जणांनी ओढला तेव्हा काखेत टर्रकन उसवला. शांतवन, ज्यानं तो शिवला होता, ओरडला, "अरे, माप बघून तरी माणसं बदला!" हॉल हसला. कानिफ हसला नाही. उसवलेल्या सदऱ्यात तो तसाच उभा राहिला, आणि त्याची नजर मागच्या दारात उभ्या असलेल्या हन्नाबाईंकडे गेली. बाईंनी छत्री जमिनीवर आपटली.

"चूक करताय, सेक्रेटरी!"

"नोंद घेतली," इसहाकमास्तर म्हणाले. पुन्हा हशा.

दुसऱ्या दिवसापासून बन्सी लेथवर लागला, आणि त्याच दिवसापासून एक विलक्षण प्रकार सुरू झाला. सकाळी सहाला, दवाखान्यात जायच्या आधी, हन्नाबाई मैदानावर. बन्सी रुळावर बसलेला, डाव्या पावलावर वाळूची पिशवी, आणि बाई मोजतायत. पाय सरळ वर, थांब, खाली. पाय वर, थांब, खाली. पंधरा दिवसांनी पिशवी गेली आणि बाईंनी त्याला रूळ ढकलायला लावला. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ. टोकाला पोचला की बाई स्वतः दांडा धरून रूळ फिरवत. त्याला वळू देत नसत. आणि मग परत.

आम्ही भिंतीवरून बघत होतो आणि आम्हाला सगळं कळलं होतं.

"सूड घेतीय बाई," गोरक्षनाथ म्हणाला. "कानिफ गेला त्याचा."

"बाई, एखादा घाणा द्या ना जोडून, तेल तरी निघेल!" शांतवन ओरडला.

"तू ये, तुला जुंपते. तुझ्यात पण निघेल थोडं," बाई म्हणाल्या.

आप्पासाहेब एकदा मोटारीतून उतरून रागावले. "हन्नाबाई, हा सेंटर फॉरवर्ड आहे, बैल नाही."

"मैदान बघा, आप्पासाहेब. पाऊस नाही, पाणी मारायला नाही, जमीन फुटलीय. चेंडू उडून डोळ्यात जाईल कुणाच्या. नवीन आलेल्यानं मैदान करायचं, हा माझा नियम."

"असा नियम कधी केला?"

"काल."

मैदान खरंच सपाट होत होतं, त्यामुळे आप्पासाहेबांना पुढे बोलता येईना. बन्सी घामानं निथळायचा, पण चकार शब्द काढायचा नाही. ड्यूटी, घर, मैदान यांत बाईंच्या डोळ्यांखाली काळं आलं. रविवारी उपासनेत त्या पहिल्या प्रार्थनेलाच डोळे मिटायच्या आणि शेवटच्या आशीर्वादाला उघडायच्या. पण सोमवारी सहाला मैदानावर. त्यांची बसायची जागा बन्सी सकाळी ढकलून कुठल्या कुठे नेऊन ठेवायचा, त्यामुळे संध्याकाळच्या सरावाला बाई जमिनीवर पोतं टाकून बसत. सहा आठवड्यांत त्या एकदाही चुकल्या नाहीत. सुट्टीच्या दिवशीही नाहीत. नाताळच्या सकाळीसुद्धा त्यांनी बन्सीला आधी चार फेऱ्या मारायला लावल्या आणि मग करंज्या दिल्या.

जानेवारीत स्पर्धा तोंडावर आली, आणि बाईंनी दुसरा बॉम्ब टाकला.

"बन्सीला मागे खेळवा. फुलबॅक."

या वेळी भिंत हसली नाही, चिडली. चौदा गोलवाला माणूस आणायचा आणि कानिफच्या जागी उभा करायचा?

"तिथं वळावं लागत नाही," बाईंच्या तोंडून निघून गेलं. मग सावरून म्हणाल्या, "म्हणजे नीट जागेवर उभा राहणाऱ्याला वळावं लागत नाही. कानिफ कधी वळला होता का? अन् किती गोल झाले त्याच्या बाजूनं?"

आम्ही आठवून बघितलं. आठवेना. म्हणजे गोलच आठवेना. पण म्हणून काय झालं?

आप्पासाहेबांनी इसहाकमास्तरांना बोलावून स्पष्ट सांगितलं, "मास्तर, मी गोल मारणारा आणलाय. अडवणारा आपण देऊन टाकला."

पण मास्तर सुतार होते. त्यांनी गेले सहा आठवडे बन्सीला हॉलच्या पायऱ्या चढताना बघितलं होतं. प्रत्येक पायरीला आधी उजवा, मग डावा. आणि आपल्या बायकोला रोज पहाटे उठताना बघितलं होतं. अकरा वर्षांत तिनं कधीच कारण लपवलं नव्हतं, हेही त्यांना आता आठवलं. त्या दिवशी घरी त्यांनी यादी लिहायला घेतली. टाक शाईत बुडवला आणि जणू स्वतःशीच म्हणाले, "खुर्चीचा एक पाय डुगडुगत असला तर मी खुर्ची फेकून देत नाही. भिंतीला टेकवून ठेवतो. बसता येतं."

हन्नाबाई चुलीपुढे होत्या. त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

"ताटं घेतलीत का?" त्या म्हणाल्या. "जेवून घ्या."

यादीत बन्सीचं नाव फुलबॅकसमोर होतं. आप्पासाहेबांनी कारण विचारलं तेव्हा मास्तर म्हणाले, "यादी सेक्रेटरी लिहितो. मोडता घालायचा असेल तर आधी सेक्रेटरी बदला." असं बोललेले मास्तर त्याआधी कुणी बघितले नव्हते. आप्पासाहेबांना वाटलं, हरले की बदलूच.

हरलो नाही. बन्सी मागे उभा राहिला. बाईंनी छत्रीनं दाखवलेल्या जागी, दोन पावलं इकडे नाही, दोन पावलं तिकडे नाही. फॉरवर्डला फॉरवर्ड काय करणार हे आधीच ठाऊक असतं. तो चेंडू यायच्या आधी तिथं असायचा. घ्यायचा, सरळ मारायचा. पहिल्या दोन मॅचेसमध्ये भिंत "पुढे जा रे, पुढे जा!" म्हणून ओरडत राहिली. तिसऱ्यात गप्प झाली. चौथ्यात गोरक्षनाथ म्हणाला, "मी पहिल्यापासून म्हणत होतो, हा मागंच शोभतो." आणि खरं सांगायचं तर मीही मान हलवली.

फायनल फेब्रुवारीत, तोफखान्याशीच. म्हणजे कानिफ समोर. शांतवननं त्याचा सदरा काखेत पट्टी जोडून मोठा करून दिला होता. गेलेला असला तरी गिऱ्हाईक जुनं होतं. कानिफ त्यांच्या गोलपुढे उभा होता, आणि तो तिथं असेपर्यंत गोल होणार नाही हे तासाभरात सगळ्यांना कळून चुकलं. आमच्या बाजूला बन्सी, त्यांच्या बाजूला कानिफ. दोन्हीकडे कुणी वळत नव्हतं आणि काही होत नव्हतं.

शेवटच्या दहा मिनिटांत आम्हाला ओळीनं तीन पेनल्टी कॉर्नर मिळाले. कॉर्नरचा फटका फुलबॅकनं मारायचा. चेंडू आला, एकानं हातानं थांबवला, बन्सीनं मारला. कानिफनं तो नडगीवर घेतला. आवाज भिंतीपर्यंत आला. दुसरा फटका, पुन्हा कानिफ, पुन्हा तीच नडगी. मोजा फाटला होता आणि रक्त बुटात उतरत होतं, तरी तो हलेना. तिसऱ्या वेळी बन्सी फटका मारायला आला, तेव्हा हन्नाबाई उभ्या राहिल्या. त्यांना गोल दिसत नव्हता. त्या फक्त त्याचं डावं पाऊल बघत होत्या, ते रोवलं जातंय की सरळ पडतंय.

सरळ पडलं. चेंडू गोलच्या फळीवर 'ठाण्' वाजला.

एक शून्य. पोरं मैदानात घुसली. बन्सीला उचलायला धावली तेव्हा बाईंचा आवाज सगळ्या गोंगाटावरून आला. "पाय धरून उचलू नका त्याला! कमरेला धरा!" मग त्या पिशवी घेऊन उलट दिशेला, कानिफकडे गेल्या. तो रिकाम्या गोलपुढे बसून होता. बाईंनी त्याचा पाय मांडीवर घेतला, मोजा कापला आणि जखम धुवायला लागल्या.

"बाई, मला सोडू नगा म्हनून तुमी एकल्याच बोलला हुतात," कानिफ म्हणाला.

"पाय हलवू नकोस."

तेवढ्यात भिंत तिथं पोचली. साठच्या साठ. आमचा क्लब जिंकला होता, पण त्याहून मोठी गोष्ट हातात आली होती. शांतवन पुढे झाला. सहा वर्षं बिनसाखरेचा चहा त्याच्या जिभेवर होता.

"काय हन्नाबाई? बन्सीला घेऊ नका म्हणत होतात. बन्सीच्या अदलाबदलीत सेक्रेटरी चुकले म्हणत होतात. आता म्हणा!"

"म्हणा, म्हणा!" गोरक्षनाथ.

मागे खांद्यांवर बसलेला बन्सी हे ऐकत होता. त्याचा चेहरा पडला. आप्पासाहेब मोटारीला टेकून उभे होते. बन्सीनं तोंड उघडलं, आणि हन्नाबाईंनी जखमेवरून नजर उचलून त्याच्याकडे एकदा बघितलं. त्यानं तोंड मिटलं.

बाईंनी पट्टीची शेवटची गाठ मारली. कात्रीनं टोक कापलं.

"बन्सीच्या बाबतीत चुकले," त्या म्हणाल्या. "कानिफच्या बाबतीत नाही. ऐकलंत? आता बाजूला व्हा, उजेड अडवताय."

आम्ही जो जल्लोष केला तो गोलासाठीही केला नव्हता. शांतवननं टोपी उडवली. इसहाकमास्तर एका बाजूला उभे राहून आपल्या बायकोकडे बघत होते. तेवढेच एक टाळ्या वाजवत नव्हते.

त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही बाईंना छळलं. त्या रुळावर बसल्या की कुणीतरी विचारी, "बाई, बन्सीच्या वेळी काय झालं होतं हो?" आणि बाई सांगत, "चुकले होते. पुढे?" त्र्याहत्तरची वाटणी झाली, आणि बाईंनी एका पोराच्या सपाट तळव्यांबद्दल तक्रार केली. तेव्हा बाकीच्या तीन सेक्रेटरींनीसुद्धा बन्सीचं नाव काढून त्यांना गप्प केलं. त्या पोरानं मोसमभर काय दिवे लावले ते इथं सांगत नाही.

मला हे कळलं ते गेल्या महिन्यात. कचेरीच्या कामानं नागापूरला गेलो होतो, आप्पासाहेबांच्या वर्कशॉपात बन्सीबरोबर चहा घेतला. आई इथंच त्याच्याजवळ असते. उन्हाळ्यात डॉक्टरीणबाईंनी गुडघा बघून 'ठीक' म्हटलं, तेव्हा त्यानं स्वतः जाऊन आप्पासाहेबांना सगळं सांगितलं. आप्पासाहेब पाच मिनिटं ओरडले आणि मग त्याला परत मशीनवर जायला सांगितलं. बन्सीला आता भिंतीलाही सांगायचं होतं, पण बाईंनी दम दिला होता की पाय माझ्या ताब्यात आहे तोवर तोंडही माझ्या ताब्यात.

"दोन वरीस संपत आली," बन्सी म्हणाला. "यंदा सदरा फिरू शकतो. म्हंजी ताबा सुटला. तुमी ल्ह्या."

म्हणून लिहिलं. हन्नाबाईंची परवानगी मागितली नाही, मिळाली नसती. शांतवनला मात्र वाचून दाखवलं. तो बराच वेळ शिलाईचं पायडल नुसतंच हलवत राहिला. मग उठला, मशीनवरचं कापड बाजूला ठेवून वाण्याकडे गेला, पावशेर साखर पुडीत बांधून घेतली आणि पाटोळ्यांच्या घराकडे निघाला.

बाईंनी पुडी घेतली, चहा केला आणि आधी त्याच्या पायांकडे बघितलं.

"डाव्या टाचेला भेग पडलीय तुझ्या," त्या म्हणाल्या. "आणि यंदा कानिफला परत आणा म्हणावं सेक्रेटरींना. चारही क्लबांत धड उभं राहता येणारा तोच एक आहे."